पुन्हा पहिल्या वर्षाला

चिंचवड स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी नव्या औषध कारखान्याच्या खाकी कपड्यांतला एक माणूस लेकीची वाट पाहत होता. पुण्याहून गाडी आली. ती उतरली आणि त्याच्याजवळ येऊन टेकली.

“काय म्हणले गं कॉलेजात?”

“पहिल्या वर्षाला परत बसा म्हणले, बाबा.”

“अगं, पण औरंगाबादला तू पास झालीस की!”

“औरंगाबादचं कॉलेज अजून हैदराबादच्या विद्यापीठात, हे पुण्याच्या. तिकडचे विषय इकडं धरत नाहीत.”

“उद्या शिफ्ट बदलून घेतो. मी बोलतो त्यांच्याशी.”

“नका. मी बोलून बोलून थकले.”

“मग परत जा औरंगाबादला. मावशी ठेवून घेईल. दुसरं वर्ष तिथंच कर.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय? कारखान्यात जेवण मिळतं.”

“मिळतं, पण तुम्ही जेवत नाही. मी आले तेव्हा चुलीत कोळ्यानं जाळं विणलं होतं.”

“प्रमिला, तुझी आई असती तर तिनं तुला परत पाठवलं असतं.”

“आई असती तर मी इकडं आलेच नसते, बाबा.”



“मग आता?”

“उद्या नाव घालून येते. पहिल्या वर्षाला.”

“पुस्तकं तरी तीच आहेत का?”

“इंग्रजीचं एक तेच आहे.”

“मग तेवढं तरी सोपं जाईल.”

“हो, बाबा. तेवढं सोपं जाईल.”