कोठीतला गहू

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय?

भाग्यश्री? तू? … न्हाय गं, नाव दिसलं, पर मला वाटलं ऋषीच तुझ्या फोनवरनं करतोय. लग्न झाल्यापासनं तुझा आवाज म्हंजे त्याच्या मागनं 'आत्या, बरं हाय ना' एवढाच ऐकते मी… न्हाय, टोमणा न्हाय मारत. बोल. सासूला फोन करायला काय भ्यायचं, मी काय त्यातनं बाहेर येती व्हय?

पर आवाज असा का तुझा? … ऋषी बरा हाय ना? … हां. मंग?

काय झालं गव्हाला?

थांब. जरा थांब हां… अहो, काही न्हाय, भाग्यश्रीचा फोन हाय. कुरडयांचं विचारतीया… व्हय, कुरडयांचंच. तुम्ही बसा.

हां, बोल आता. आतल्या खोलीत आले मी. तुझे मामा ओट्यावर बसलेत. त्यांना टीव्हीवरचं काही ऐकू येत न्हाय, पर माझा फोन बरोबर ऐकू येतो.

सोंडे झाले? … कुठं, वरच दिसले का तळापासनं हायत? … झाकण काढलं आन् भिंतीवर चढायला लागले. अगं बाई… रव्याच्या डब्यात पण? … आन् तांदळात? डाळीत? बघ आधी. आत्ताच बघ, मी धरते फोन…

बघितलंस? … तांदूळ, डाळ चांगली हाय. बरं झालं. तो रवा तेवढा बाजूला काढ.

टाकून द्यायचा? सगळा गहू? कोण म्हणालं? … ऋषी… काय म्हणाला? पुन्हा सांग… 'आईला कळवू नको, गुपचूप कचऱ्यात टाकू आन् पिठाच्या पिशव्या मागवू.' असं म्हणाला. आन् त्यानं नको म्हटलं म्हणून तू मला फोन केलास.

… न्हाय, चिडले न्हाय. खरं सांगू, मला लई बरं वाटलं. तू माझ्याकडं आलीस. त्याचं ऐकून गप बसली असतीस तर मला कुठं कळणार होतं?

आता मला सांग, कोठीत गहू भरला कुणी? … ऋषीनं. मी पाडव्याला पोतं दिलं तवा शंभरदा सांगितलं होतं त्याला. गच्चीवर ऊन दे, संध्याकाळी घरात आण, रातभर निवू दे, हाताला गार लागला की मंग भर. त्यानं कधी भरला? … दुपारी? … कंपनीचा फोन येणार होता. मंग? … गच्चीवरनं तापलेला गहू उचलला आन् तसाच कोठीत. वर झाकण. … झाकणाला काय? चिकटपट्टी? … किडे आत जाऊ नयेत म्हणून.

हुशार हाय माझा लेक. बाहेर येऊ नयेत याची सोय करून ठेवली त्यानं.

… हस, हस. अगं, गरम गव्हाला बंद कोठीत घाम सुटतो. आत ऊब आन् तळाला ओल. एखादा सोंडा गेला असंल दाण्यातनं नायतर पोत्यातनं, त्याचं माहेरपण झालं की सात पिढ्यांचं… न्हाय, तुझी काय चूक? तू कुठं होतीस तवा? … ऑफिसला. मंग झालं तर.

हळू का बोलतीया म्हणतीस? … ऐक, सांगते. ऋषी बोलला असंल तुला, विहिरीजवळचं वावर एकजण टेम्पो लावायला भाड्यानं मागतोय… न्हाय बोलला? कमाल हाय. हा गहू त्याच वावरातला. चहूबाजूनं इमारती झाल्या, मांजरी गावात आपल्या आळीला तेवढाच एक हिरवा तुकडा राहिलाय. तो माणूस मुरूम टाकणार, वरनं रोलर फिरवणार. एकदा मुरूम दाबला की त्या मातीत परत काही येत न्हाय, भाग्यश्री. आज सकाळीच येतोय तो, मामांचा होकार घ्यायला.

… भाड्यासाठी न्हाय गं. त्यांचं एकच, 'आपण दोघं किती खाणार? पोरं तर पिशवीतलं पीठ आणून खातात. मी पेरू कुणासाठी?' … अगं, तू करतीस याच गव्हाच्या चपात्या, मला ठाऊक हाय. पर त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलंय? आन् आज नेमकं त्यांच्या कानावर गेलं की पोरांच्या घरी गहू किडला, की झालं. उठून होकार देतील. मला ते वावर जायला नको हाय, बाई. चाळीस वर्षं मी त्यात राबले.

म्हणून त्या कुरडया.

बरं, आता रडत बसू नको. एवढ्यात काही गेलं न्हाय. दोन पातेल्यांत पाणी घे. एकात तळातला मूठभर गहू टाक, दुसऱ्यात मधला. जरा हलव आन् बघ, वर किती येतात ते. आतनं खाल्लेला दाणा पोकळ असतो, तो तरंगतो… व्हय, फोन कुठंतरी टेकवून ठेव. मी हाय.

…

अहो, चहा नका मागू आत्ता, देते नंतर… व्हय, अजून कुरडयाच. चिकाचं विचारतीया. शिकायचंय तिला.

हां, बोल. काय दिसतंय? … तळातले बरेच वर आले. आन् मधले? … मोजकेच? बाकी सगळे खाली बसले? … नीट बघ, मला बरं वाटावं म्हणून सांगू नको… खरंच खाली बसले!

मंग गहू गेला न्हाय. तळातला तेवढा गेला, तो कबुतरांना घाल. बाकीचा आपला हाय… न्हाय, पाण्यातला परत कोठीत टाकायचा न्हाय, वेडी का तू.

काय? ऋषीनं काय आणून ठेवलंय? … गोळ्या? कसल्या गोळ्या? … कोठीत टाकायच्या. कुणीतरी ऑफिसात सांगितलं.

भाग्यश्री, पाकीट फोडलंय का? खरं सांग मला… न्हाय ना? नक्की? … बरं. आता नीट ऐक. ते गोदामातलं औषध हाय. त्यातनं विषारी वायू निघतो, माणूस झोपेत जातो त्यानं. राहत्या घरात ते नकोच. पाकीट फोडायचं न्हाय, पाण्याचा हात लावायचा न्हाय. आत्ताच्या आत्ता बाल्कनीत ठेव आन् दार लाव. ऋषी कुठाय? … झोपलाय. उठव त्याला. म्हणावं आई म्हणाली, दात नंतर घास, आधी हे जिथनं आणलंस त्या दुकानात परत देऊन ये… व्हय, जसंच्या तसं सांग. कपाळाला आठ्या घातल्या तर फोन दे माझ्याकडं.

…

गेला? … बडबडत गेला. जाऊ दे, गेला ते बास.

आता सगळा गहू गच्चीवर न्यायचा. जुन्या चादरीवर पातळ पसर, बोटभर पण जाड नको. ऊन लागलं की सोंडे आपोआप कडंला पळतात, सावली हुडकत. मधनं मधनं हात फिरव, मंग चाळणीनं चाळ. सूप हाय का? … न्हाय. चाळणीवर भागव… गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडं? मंग माग की… पाटी लावलीय? काय लिहिलंय पाटीवर? … 'गच्चीवर वाळवण घातल्यास कबुतरांची तक्रार घेऊन येऊ नये.'

अगं, मंग घालायला परवानगीच हाय. पुण्यात याच्यापेक्षा गोड बोलून कोण परवानगी देतं?

कोठी रिकामी झाली की आतनं कोरड्या फडक्यानं पूस. सांधा असतो ना तळाला, तिथं जुनं पीठ बसतं, ते काडीनं कोरून काढ. पाणी न्हाय घालायचं. कोठी पण उन्हात उपडी टाक. आन् परत ठेवताना भिंतीला चिकटवू नको, खाली पाट घाल… आन् गहू गार झाल्याशिवाय…

व्हय, व्हय, तू सांग. तुला पाठ झालं… 'रातभर निवू द्यायचा, हाताला गार लागला की भरायचा.' बरोबर.

मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला न्हाय हां, ओल्यानं परत तेच… तुझी आई काय करते यवतमाळला? … राख? … गोवऱ्यांची राख चाळून घालते. अगं, माझी सासू पण घालायची. तिकडं पण तसंच करतात म्हंजे… राख आता तुमच्या कात्रजला कुठं मिळायची तुला, मी देते पाठवून.

काय म्हणालीस? रवा फ्रीजरमधे? … बर्फाच्या कप्प्यात? तिथं कोण ठेवतं रवा? … आणल्या आणल्या चार-पाच दिवस ठेवायचा, त्यानं आतली अंडीच मरतात? … खरं सांगतीस? मी इतकी वर्षं भाजून ठेवते, तरी कधीमधी जाळी धरतेच त्याला… हे मला कुणी सांगितलंच न्हवतं. आजच ठेवते. ह्यांना सांगायचं न्हाय फक्त, बर्फ काढायला गेले की कळंल.

असं काहीतरी सांगत जा की मला. रोज न्हाय म्हणत मी. पर करत जा फोन.

काय? … कुणाला फोन दे म्हणतीस? … मामांना? नको गं… अगं आज नको, उद्या सांगू. तो माणूस येऊन जाऊ दे एकदा… तो यायच्या आतच सांगायचं? … आन् चिडले तर? … लपवायला नको, व्हय, तुझं पटतंय मला, पर तुला त्यांचा राग ठाऊक न्हाय. आज गप बस, माझं ऐक. वावर जाईल गं त्यानं…

अगं बाई. अहो, दारात कधीपासनं उभे हायत तुम्ही? … कुरडयांचंच बोल… बरं. न्हाय. कुरडयांचं न्हाय. गव्हाचं.

घ्या. तिलाच बोलायचंय तुमच्याशी. तिच्यावर ओरडू नका, तुमच्या लेकानं केलंय ते.

…

काय म्हणती? … अहो, नुसतं 'हं, हं' काय करताय? काय म्हणती सांगा की…

अहो, फटफटी वाजली दारात. आला वाटतं तो. द्या, फोन द्या इकडं.

हॅलो. हां, मी बोलतीया. काय सांगितलंस त्यांना? फोन माझ्या हातात दिला आन् तसेच बाहेर गेले… गहू किडला ते सांगितलंस? सगळं? … मंग? … 'तळातला गेला, बाकीचा निवडून खाणार, एक दाणा कचऱ्यात जाऊ देणार न्हाय.' … बरं. आन्? … 'पुढच्या साली कापणीला मी स्वतः येते. माझ्या घरचा गहू मी भरणार, ऋषीला हात लावू देणार न्हाय.' … आन् काय? बोल ना, थांबलीस का?

'तुम्ही पेरलं न्हाय तर मी भरू काय?'

असं म्हणालीस? मामांना?

… न्हाय, न्हाय, चुकलीस कुठं. मी कधी विचारलं न्हाय गं त्यांना असं. मनात होतं, पर तोंडातनं न्हाय आलं कधी.

थांब, खिडकीशी जाते… दिसतोय. चकाचक बूट घालून आलाय. मामा समोर उभे हायत… खुर्ची दिली न्हाय त्याला. अगं, आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला खुर्ची दिली न्हाय म्हंजे… थांब, इतक्यात नको बोलायला.

मोबाईल काढून काहीतरी दाखवतोय त्यांना. नकाशा असंल… मामा बघत पण न्हाईत. वावराकडं बघतायत… काय बोलले ते ऐकू आलं न्हाय. … हात जोडले. भाग्यश्री, मामांनी हात जोडले त्याला.

… व्हय गं, म्हंजे न्हाय म्हणाले. निरोप दिला. गाडी वळवतोय तो… गेला.

…

हाय, हाय मी. बसले जरा.

आले आत… काय हो? … व्हय, हाय अजून फोनवर… बरं, विचारते. भाग्यश्री, मामा विचारतायत तुझी कोठी केवढी हाय म्हणून? … कमरेएवढी. … अहो, कमरेएवढी म्हणती. … थांब हां, ऐकू दे मला नीट… काय म्हणालात? …

लहान पडंल म्हणतायत. यंदा सगळ्या वावरात गहूच करायचा, तिला म्हणावं अजून एक घेऊन ठेव.

… हॅलो? … भाग्यश्री? … रडतीस व्हय?

… बरं, रड. पर गच्चीवर जाऊन रड, ऊन फुकट चाललंय. ठेवते.