ताटली कुणी रिकामी केली?

मंडळी, विहारात जमलेल्या आयाबहिणींनो, बावड्यातल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आणि कारखान्यातल्या जुन्या गड्यांनो,

मला बोलायला उभं केलंय, पण खरं सांगतो, हे माझं काम नव्हे. आयुष्य साखर कारखान्याच्या खडखडाटात गेलं. त्यामुळं मला एक तर ओरडता येतं, नाहीतर गप्प बसता येतं. मधलं काही येत नाही. आज समोर यशवंतआप्पाचा फोटो आहे, मेणबत्त्या लावल्यात, आणि मला नेमकं ते मधलंच बोलायचं आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

पुण्याहून, मलकापूरहून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. मी दिनकर. आप्पाचा शेजारी. भिंतीला भिंत लागून आमची घरं. कारखान्यात आम्ही एकाच पाळीला. मी ऊस चिरडायच्या बाजूला, तो रस उकळून साखर पाडायच्या बाजूला. "जन्मभर साखर पाडली दिन्या, आणि रिटायर होताना अंगातच घिऊन आलो," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. रोज सकाळ-संध्याकाळ पोटाला सुई टोचून घ्यायचा. कधी कुरकुर केली नाही.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी विहाराच्या बांधकामाचं सांगितलं. पोरांच्या अभ्यासिकेचं सांगितलं. सगळं खरं आहे. पण मांजरांचं कुणी बोललं नाही. जरा अवघडल्यासारखं झालं असेल. शोकसभेत मांजर कसं आणायचं? मी आणणार आहे. मांजरं सोडून आप्पा सांगायचा म्हणजे अर्धाच आप्पा सांगायचा.

माझ्या वडिलांच्या श्राद्धाला मी दरसाल गावाबाहेरच्या जनावरांच्या निवाऱ्यात उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, टाकून येतो. आप्पा नुकताच रिटायर झाला होता, वहिनी जाऊन थोडेच महिने झाले होते. घरात एकटाच भिंतीकडं बघत बसायचा. म्हटलं, चल, गाडीवर बस, तेवढाच वारा लागंल. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल.

मी वाढं उतरवतोय, तोवर हा मागच्या अंगाला गेला. तिथं मांजरांचे पिंजरे होते. लोक पोत्यात घालून आणून सोडतात ती मांजरं. बराच वेळ झाला, हा काही येईना. जाऊन बघतो तर एका पिंजऱ्यापुढं उकिडवा बसलेला. आत एक तांबूस मांजर, नुसता हाडांचा सापळा, आणि पाण्याच्या वाडग्यात तोंड घालून पितंय, पितंय, थांबतच नाही. तिथला माणूस म्हणाला, "लई पानी पितंय, पावणं. कितीबी ठेवा, संपतंय." आप्पानं बोट दाखवलं. खालच्या गोणपाटावर जिथं ते मुतलं होतं, तिथं मुंग्यांची रांग लागली होती.

"दिन्या," तो म्हणाला, "ह्याला माझा रोग हाय."

मी म्हटलं, "आप्पा, डोसकं फिरलं व्हय तुझं? मांजराला कुठला आलाय साखरंचा रोग?" मला मांजर आवडत नाही मंडळी, कधीच आवडलं नाही. पण त्यानं ते मांजर माझ्याच गाडीवरून, माझ्याच वाढ्याच्या पोत्यात गुंडाळून आणलं.

आमचे जनावरांचे डॉक्टर म्हणजे साधा, भला माणूस. ते म्हणाले, "आप्पा, मी म्हशीची वार काढणारा माणूस. मांजराला इन्शुलिन मी जन्मात दिलेलं नाही." पण त्यांनी लघवी तपासली, पुस्तक काढलं, पुण्यातल्या मित्राला फोन केला आणि सांगितलं, द्यायचं तर अगदी थोडं. सुईच्या पहिल्या रेघेपर्यंत. आणि पोटात अन्न असल्याशिवाय नाही.

त्या मांजरीचं नाव त्यानं काकवी ठेवलं. रंगावरून. मी म्हटलं, साखरेचा रोग झालेल्या जनावराचं नाव काकवी ठेवणारा तू जगात पहिला. पण काकवीनं अंग धरलं. केस चकाकायला लागले. पाण्याच्या वाडग्यापुढून उठली आणि आप्पाच्या मांडीवर जाऊन बसली. आणि आप्पा, जो भिंतीशी बोलायचा, तो तिच्याशी बोलायला लागला. आमच्या मंडळींना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्या म्हणायच्या, "चला, भावजींच्या घरात आवाज आला एकदाचा."

मग बेंदूर आला.

बाहेरच्या पाहुण्यांना सांगतो, बेंदूर म्हणजे आमचा बैलांचा सण. शिंगं रंगवायची, बैलाला पुरणपोळी खाऊ घालायची. आमच्या घरनं आप्पाला दरसाल ताट जायचं. आप्पाला त्याच्या डॉक्टरनं मुभा दिलेली, सणाला गोड खाणारच असशील तर त्या दिवशी सुई जरा वाढवून घे. तशी तो घ्यायचा आणि पोळी हाणायचा. त्या वर्षी त्याच्या मनात आलं, आज जनावराचा सण. दिनकरच्या बैलांना पोळी, मग माझ्या काकवीला का नको? त्यानं पोळी दुधात कुस्करली, ताटली दारात ठेवली आणि स्वतः आत जेवायला बसला.

जेवून बाहेर आला तर ताटली चाटूनपुसून स्वच्छ. आप्पाला कोण आनंद! मला भिंतीवरून हाक मारून म्हणाला, "दिन्या, बघ की, पठ्ठीनं सण केला!" आणि सण केला म्हणून सुई वाढवली. जशी स्वतःची वाढवली, तशी तिची वाढवली.

मंडळी, काकवीनं वरवरचं थोडं दूध चाटलं होतं. पोळीला तोंडही लावलं नव्हतं. ताटली साफ केली होती आमच्या कोंबड्यांनी.

दुपारी ती लटपटत आली आणि कोपऱ्यात पडली. आप्पानं बघितलं. पण तुम्हीच सांगा, बेंदराच्या दुपारी आपल्याकडं जागं कोण असतं? पुरणपोळीवर तूप, कटाची आमटी, सगळं गाव आडवं. त्याला वाटलं, पोळी चढली. त्यानं तिच्या अंगावर पंचा टाकला आणि शेजारी स्वतःही पडला. उठला तेव्हा ती गार पडत आली होती, पाय झाडत होती. त्यानं बोटानं तिच्या हिरड्यांना गूळपाणी चोळलं. मला हाका मारल्या. मी पळत गेलो. डॉक्टरला आणायला निघालो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ग्येली." आमच्या मंडळींनी तेव्हा सांगितलं, "सकाळी मीच कोंबड्या हाकलल्या की त्या ताटलीवरनं."

त्यांच्यावर तो रागावला नाही. कोंबड्यांवरही नाही. दुसऱ्या दिवशी आमचं ताट घासूनपुसून परत आणून दिलं आणि ओट्यावर बसला. म्हणाला, "दिन्या, माझं माप मी तिला लावलं. लाड माझं, सण माझा, झोप पण माझीच. तिचं काय हुतं त्यात?"

  आपण ज्यांच्यावर माया करतो, त्यांना किती वेळा आपलंच माप लावतो, हा विचार त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडत नाही. पोरांना लावतो. सुनांना लावतो. म्हाताऱ्या आईबापाला लावतो. ताटली रिकामी दिसली की खूश होतो. कुणी खाल्लं ते विचारत नाही.

मला वाटलं, संपलं आता. हा परत निवाऱ्याचं नाव काढणार नाही. तर महिन्याभरात हा पायात चपला घालून माझ्या दारात. "गाडी काढ, निवाऱ्यात जायचंय." मी चिडलो. म्हटलं, "एकदा रडून झालं न्हाय व्हय?" तर म्हणतो, "काकवी मरून मला शिकवून ग्येली. ते शिकल्यालं घिऊन घरात बसू? तिथं आनि कुणाच्या गोणपाटाला मुंग्या लागल्या असतील तर?"

आणि असायच्या, मंडळी. दरवर्षी नाही, पण असायच्या. लाडानं वाढवलेलं मांजर आजारी पडलं, घरभर मुतायला लागलं, की लोक आणून सोडायचे. तिथल्या माणसांना दोष देऊ नका. गाई-म्हशींचं करता करता त्यांचे हात पुरत नव्हते, मांजराला दोन वेळ सुई कोण देणार? आप्पा जायचा, एक उचलायचा. एकच. एकापेक्षा जास्त सांभाळणं होणार नाही हे त्याला कळायचं. आणि तिथंच त्याचं काळीज फाटायचं. एक उचललं की शेजारचं जाळीतून पंजा बाहेर काढायचं. येताना गाडीवर माझ्या पाठीमागं हा सारखा मान वळवून निवाऱ्याकडं बघत राहायचा.

ती बरी व्हायची नाहीत. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी त्याला उगाच देव केल्यासारखं होईल. ती उशिराच यायची. कुणी एक हिवाळा काढायचं, कुणी दोन पावसाळे. मळी म्हणून एक होती, कारखान्यातल्या मळीसारखी काळी, ती बरीच टिकली. एक तर रस्त्यातच गेली, त्याच्या मांडीवर, आपल्या बावड्याच्या अलीकडं. मी गाडी थांबवली. म्हटलं, इथंच शेताच्या कडंला पुरू, घरी नेऊन काय करायचं? तो म्हणाला, "चल पुढं. घरी नेतो म्हनून सांगितलंय तिला." तिला घरामागच्या परड्यात शेवग्याखाली पुरलं. नाव ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता.

लोक बोलायचे. माणसांना औषध मिळंना आणि हा मांजरांना सुया टोचतोय. इथंच बसलेत बोलणारे, मी नावं घेत नाही, घाबरू नका. आप्पा त्यांना काय म्हणायचा? "बरोबर हाय तुमचं." एवढंच. आणि सुई भरायला लागायचा. मी त्याला विचारलं, अरे, उत्तर का देत नाहीस? तो म्हणाला, "त्यास्नी उत्तर देत बसलो तर हिची येळ चुकंल."

बेंदरानंतर त्याची एक रीत पडली होती, ती शेवटपर्यंत मोडली नाही. मांजर खात असताना समोर बसायचं. सगळं पोटात गेलेलं डोळ्यांनी बघायचं. मगच सुई. लग्न असो, बारसं असो, विहारात वंदना असो, आप्पा त्या वेळेला उठून जायचा. कित्येकांना राग यायचा. स्वतःच्या पोराच्या साखरपुड्यातून उठून गेला होता माणूस. सिद्धार्थ, तू हसतोयस, पण तेव्हा दोन दिवस अबोला धरला होतास.

आता शेवटचं सांगतो.

आप्पाला दवाखान्यात नेलं तेव्हा घरी चिपाड होती. निवाऱ्यातनं आणली तेव्हा चरकातनं निघालेल्या उसासारखी वाळलेली, म्हणून चिपाड. सुई द्यायचं काम माझ्यावर आलं. माझ्यावर! पहिल्या दिवशी सुईची रेघ बघण्यात मी इतका वेळ लावला, की तीच माझ्याकडं वळून बघायला लागली. रोज संध्याकाळी मी दवाखान्यात जायचो. आप्पाच्या नाकात नळी, बोलताना धाप लागायची. तरी एकच विचारायचा. सुई दिलीस का, असं नाही. खाल्लं का, असंही नाही. विचारायचा, "ताटली कुनी रिकामी केली?"

गेला त्या संध्याकाळीही विचारलं. मी म्हटलं, "आप्पा, समोर बसून बघितलं. तिनंच केली." त्यानं डोळे मिटले आणि माझा हात दाबला. मला तेवढं पुरे आहे.

सिद्धार्थनं मला काल विचारलं, "काका, चिपाडचं काय करायचं? पुण्यात आमचं घर लहान, बाळ रांगतंय. तिला परत निवाऱ्यात सोडू का?" पोरगा वाईट नाही. त्याची अडचण खरी आहे. पण निवाऱ्यात सोडलं तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही खाली बघत होतो. मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. रात्रभर स्वतःशी भांडलो. माझंही वय झालंय. मला नीट दिसत नाही, सुईची रेघ बघायला चष्मा पुसावा लागतो. ती जाईल, तेव्हा मला रडायला लागेल, आणि मला रडायचं नाही. आप्पासाठी रडतोय तेवढं बास आहे.

तर सिद्धार्थ, आता सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्या आईच्या फोटोशेजारी आप्पाचा फोटो लाव, घराला कुलूप घाल आणि निवांत पुण्याला जा. चिपाड आमच्याकडं राहील. आमच्या मंडळींनी सकाळीच कोंबड्या परड्यात कोंडल्यात.

मंडळी, आता उभं राहूया. आप्पाला आठवून थोडा वेळ कुणीच काही बोलूया नको. आणि एक विनंती. त्यानंतर मी चहाला थांबणार नाही, कुणाला भेटणार नाही, तरातरा निघून जाईन. राग धरू नका. चिपाडची वेळ झालीय, आणि ती फार सावकाश खाते.

जय भीम, आप्पा.