पेरावरची मुळं

शहाद्याहून प्रकाशाला निघालेल्या एसटीत भाविका पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर एक मावशी आपल्या भाच्याशी बोलत होती. भाचा शेतकी कॉलेजात शिकणारा असावा.

“गोपाल, मन्हा मक्काले वरच्या पेरावर मुळं फुटी ऱ्हायनात. वावर तं कोरडंठाक शे.”

“बी कोठलं, मावशी?”

“घरनंच. तापीले पूर उना व्हता ना, तवय वावरमा गुडघाइतलं पानी व्हतं. जे ताट त्यामा तगनं, त्यानंच कणीस चुलीवर टांगं.”

“मंग बराबर शे. बुडता मक्का पानीना वर मुळं काढस, श्वास घेवाले. मायनी जे सोसं, ते बीना जनुकमा उतरस. त्याले वाटस, आते बी पानी येई.”

“ते समजनं माले. पन मायनी गुडघाइतलं सोसं, तं मुळं बी गुडघालेच फुटतीन ना?”

“हा, तठेच.”

“ह्या मन्हा खांदाइतल्या वर शेतस.”

“तितलं पानी कधय उनं व्हतं?”

“मन्ही सासूनी बी नही देखं.”

“अन् सासूनी सासूनी?”

“कोनीच नही. आजपावत तं नही.”

भाचा खिडकीतून तापीच्या दिशेला बघू लागला. मग हळूच म्हणाला,

“मावशी, आज ढोरं बांधू नको.”

भाविकाच्या दारातही मका होता. सकाळी अंगण झाडून ताठ उभी राहताना एक पांढरं, ओलसर मूळ तिच्या खांद्याला लागलं होतं.

तिने मांडीवरचं पोर उचलून खांद्याशी घेतलं. मग दोन्ही हातांनी त्याला आणखी वर धरलं.