तिसऱ्या वाराचं बोट

एर्सिलिया : थांब. तलवार म्यानात घालू नकोस, इकडे आण.

नेवियो : सकाळी पाहिलीस की, ताई.

एर्सिलिया : परत बघते. हा बघ, मोजा अडकला. इथं पात्याला खरखरीत टोक आलंय. कानस दे.

नेवियो : बोथट लोखंडावर जुना मोजा फिरवत बसायचं. खऱ्या ग्लॅडिएटरांनी पाहिलं असतं तर हसले असते आपल्याला.

एर्सिलिया : ते हसत नव्हते, नुसते मरत होते. आपल्याला संध्याकाळी घरी जाऊन जेवायचंय. आणि त्या येरझाऱ्या बंद कर, मला गरगरतंय.

नेवियो : पाय थांबत नाहीत. आपला खेळ बघायला अख्खं काप्वा गाव लोटलंय बाहेर. ओरेस्तेच्या जागी तू उतरणार, आणि आपली तालीम झालीय एकच.

एर्सिलिया : ओरेस्तेचा खांदा मोडला नसता, तर मी कशाला उतरले असते?

नेवियो : झालं परत सुरू. रविवारपासून तेच सांगतोय. त्या टोपाला डोळ्यांपुरती दोन भोकं. त्याचं बोट मला दिसलं नाही.

एर्सिलिया : बोट वर करून शरण जायचं ठरलं होतं पाचव्या वाराला. त्यानं तिसऱ्यालाच केलं, कारण ढालीचा पट्टा तुटला होता. बोट दिसलं की थांबायचं, नाटकातलं असो की खरं. नव्या पोरांना तूच शिकवतोस ना हे?

नेवियो : ओरेस्ते स्वतः म्हणतोय, बोट वर केलंच नव्हतं म्हणून.

एर्सिलिया : तो तुझ्या चुकीवर पांघरूण घालतोय. मी सकाळी तुझा टोप घातला आणि ढोलवाल्याला समोर उभं केलं. त्याच्या नखातला मळसुद्धा दिसला मला.

(नेवियो टोप काढून बाकावर ठेवतो.)

नेवियो : माझी परीक्षा घेतलीस तू.

एर्सिलिया : टोपाची घेतली. आता तू बोल.

नेवियो : दिसलं होतं. पण लोक उठून उभे राहिले गं. बारा वर्षं आपण लढतोय आणि ते पोर्केत्ता-पाव चघळत बघतायत. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी खात नव्हतं. वाटलं, अजून एक वार. मग अजून एक.

एर्सिलिया : तो ओरडला नाही?

नेवियो : ओरडला. माझं नाव घेऊन.

एर्सिलिया : लाज वाटते मला तुझी. खरंच वाटते.

नेवियो : मला झोप लागत नाहीये, ताई.

एर्सिलिया : नसेल लागत. मला एवढंच सांग, आज मी बोट वर केलं तर?

नेवियो : थांबेन.

एर्सिलिया : लोक उभे राहिले तरी?

नेवियो : ढोल सुरू झाले बघ.

एर्सिलिया : नेवियो, मी काहीतरी विचारलंय.

नेवियो : माझ्यासमोर तू उतरू नकोस, ताई.