मगरीचा जबडा

यादिरा : दादा, परत वेग वाढवलास ना? ऐक, मोटर नुसती किरकिरतेय. जबडा जागचा हलत नाहीये.

हेरिबेर्तो : मग काय करू? उद्या कार्निव्हलची मिरवणूक. पुढे बाबा ढोल वाजवणार आणि मागे आपली कागदाची मगर जांभया देणार? सगळं बार्रांकिया शहर हसेल.

यादिरा : म्हणून ही मोटरची धोंड उचलून आणलीस?

हेरिबेर्तो : मोठी आहे. आधीची दमत होती.

यादिरा : दमत नव्हती रे, उपाशी होती. ही मोटर एकेक पाऊल टाकत फिरते, आणि हिच्यात तर तारेचे वेढे आणखी जास्त. वीज आत भरायलाच वेळ लागतो. हळू फिरवलीस तर प्रत्येक पावलाला पोटभर मिळते. घाई केलीस की घास तोंडात जायच्या आत पुढचं पाऊल. जोर कुठून येणार?

हेरिबेर्तो : शिकवू नकोस, दुरुस्त कर.

यादिरा : कधीची तेच सांगतेय. बारा व्होल्टवर भागणार नाही. छत्तीस हवेत.

हेरिबेर्तो : जळेल की.

यादिरा : तुझ्या सर्किटवर जळेल. माझं सर्किट प्रवाह हद्दीपर्यंत गेला की तोडतं, उतरला की परत जोडतं. तारेच्या गुंडाळ्याही समांतर जोडते, म्हणजे वीज लवकर भरेल. आणि तो हातोडा खाली ठेव आधी, मला भीती वाटते.

हेरिबेर्तो : ठेवला. जोड लवकर.

(थोड्या वेळाने जबडा खटाखट मिटू-उघडू लागतो.)

हेरिबेर्तो : बाप रे. चावेल कुणाला तरी.

यादिरा : एकदम नाही चढवायचा वेग. हळूहळू. बोलाव आता बाबांना.

बाबा : आलोय. तुमच्या भांडणात दुपारची झोप कुठली? वाजवू?

हेरिबेर्तो : वाजवा. तुमच्या गेल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगवरूनच लय बसवलीय... बाबा, जरा जलद. मगर पुढे पळतेय.

बाबा : मी नेहमीचंच वाजवतोय.

हेरिबेर्तो : अहो नाही, तुम्ही मागे—

यादिरा : दादा.

हेरिबेर्तो : अगं, पण लय—

यादिरा : त्यांच्या मनगटांकडे बघ. (बाबांची मनगटं आखडलेली; प्रत्येक थापेला उशिरा वळतात.)

बाबा : काय बघायचंय मनगटांत?

हेरिबेर्तो : काही नाही, बाबा. आमच्याच मोजण्यात चूक झाली. तुम्ही वाजवत राहा. यादिरा, वेग उतरव.

यादिरा : किती?

हेरिबेर्तो : ते वाजवतील तेवढा.