संथ पायांचा तक्ता

श्रीवत्स : हे लिहिणारच नव्हतो मी. पानच फाडणार होतो वहीतलं. पण लिहिलंय. वाच डा, शहाजी.

शहाजी : तूच वाच! तुझं ते तमिळ 'डा' ठेव बाजूला. सकाळी अड्यारच्या ग्राउंडवर मला कामचुकार म्हणालास. माझ्या बायकोसमोर. अन् आता वही दाखवतोस?

श्रीवत्स : बारा वेळा दोनशे मीटर, मध्ये एकच मिनिट विसावा. आज पहिली फेरी सव्वीस सेकंद, आठवी बत्तीस. चार दिवस हेच. रोज आणखी हळू.

शहाजी : अन् रोज तुझी बोंब, 'दम नाही, दम नाही!' दम होता लेका. पायच ऐकत नव्हते. जिना उतरताना लटपटतात अजून.

श्रीवत्स : दमाचं नव्हतंच ते. कॅल्शियमचं होतं.

शहाजी : आता नाचणी पाजणार का मला?

श्रीवत्स : ते हाडांचं रे. प्रत्येक स्नायूतंतूत कॅल्शियमची कोठी असते. दार उघडलं, कॅल्शियम बाहेर आलं, की तंतू आवळतो. पंपानं परत आत ओढलं की सुटतो. तुझे तंतू बहुतेक वेगवान. भसकन सोडतात, झटकन ओढतात. म्हणून तू चारशे मीटरवाला. पण दम खाऊ न देता पुन्हा पुन्हा पळवलं तर कोठीतून कॅल्शियमच कमी निघतं. दारं गळायला लागतात, आत साठाच उरत नाही, एक-दोन दिवस तरी.

शहाजी : अन् तुझे?

श्रीवत्स : संथ. थोडं थोडं सोडतात, पण तासन्‌तास चालतात. मी मॅरेथॉनवाला की. माझ्या पायांवर बेतलेला सरावाचा तक्ता तुला लावला.

शहाजी : म्हंजे मोबाईलवर वाचून कोच झालास, अन् प्रयोग माझ्यावर? परवा ओरगडमला कंपनीच्या संघाची निवड हाय! पहिल्या दोघांत आलो तर पर्मनंट. नाहीतर महिनाअखेर काँट्रॅक्ट संपलं, रेवाला घेऊन गाडी साताऱ्याची. तुझं काय जातंय? तुझ्या अप्पाजींचं घर हाय इथं चेन्नईत!

श्रीवत्स : मार मला हवं तर.

शहाजी : मारून पाय परत येतील का? उद्या पळतो. वीस फेऱ्या. बघू कोण कामचुकार!

श्रीवत्स : (दार अडवून) नाही. उद्या एक पाऊलही पळायचं नाही. पळलास तर उरलंसुरलं जाईल. झोप काढ. मग बसनं कोवलमला समुद्रावर जाऊ. तू मासे खा, मी वास सोसतो.

शहाजी : अन् परवापर्यंत पाय नाही आले तर?

श्रीवत्स : ठाऊक नाही मला. खोटं कशाला बोलू? पण हरलास तर त्याच ग्राउंडवर, रेवासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन. चूक माझी होती म्हणून.

शहाजी : अन् जिंकलो तर?

श्रीवत्स : तरी सांगेन.