मोटार अजून नदीतच

दुपारी सव्वातीनला धरणातून पाणी सोडण्याची शक्यता असल्याचा इशारा मोबाइलवर आला. मंचरच्या एसटी स्टँडवर घोडेगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या आरतीच्या मागच्या बाकावर लगेच जुंपली. एकीकडे बयाबाई, दुसरीकडे तिला गाडीत बसवायला आलेला, धरणाच्या दारांवर काम करणारा तिचा भाचा.

“सोमनाथ, खरं सांग. पाणी सोडणार का?”

“आत्या, वर पाऊस पडला तर सोडणार.”

“आन् न्हाई पडला तर?”

“तर न्हाई सोडणार.”

“एवढं माझी शेळीबी सांगंल!”

“साठ टक्के अंदाज हाय. आधीच सोडलं आन् पाऊस आलाच न्हाई, तर उन्हाळ्यात तूच शिव्या देशील.”

“ह्या महिन्यात तीनदा नदीतली मोटार वर वढली, तीनदा खाली नेली. पाणी टाचभर चढलं न्हाई.”

“मग चौथ्यांदा वढ. व्हावून गेली म्हंजी?”

“साठ टक्केच वढू का? अर्ध्या काठावर ठेवते.”

आरतीने हसू ओढणीत दाबलं.

“आन् तुझी मोटार रं? माझ्या शेजारीच व्हती ना? काढली?”

सोमनाथ मोबाइल चाळू लागला.

“सोमनाथ?”

“नदीतच हाय.”

“मग माझीबी ऱ्हाऊ दे.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो दोनदा ‘हो साहेब’ म्हणाला आणि त्याने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

“कुठं निघाला?”

“मोटार काढायला.”

“आरं, माझीबी काढ!”

साडेतीनला घोडेगावची गाडी लागली. मंचरवर कडक ऊन होतं, आणि बयाबाई पिशवी बाकावरच टाकून मोटारसायकलमागे पळत होती.